मलजल केंद्राचं डिझाइन-बिल्ड कंत्राट: निविदा काढण्याआधी आणि काढल्यानंतर काय काय करायचं

‘डिझाइनही त्याचंच, बांधकामही त्याचंच. मॅडम, आपण आता फक्त सही करायची.’ एका नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांनी मला चहा पिता पिता हे सांगितलं होतं. सहा महिन्यांनी त्याच टेबलावर ठेकेदाराचं पत्र पडलं होतं: निविदेत दिलेली मुख्य वाहिनीची पातळी आणि जागेवरची पातळी जुळत नाही, सबब ओली विहीर (मैलापाणी जमवून पंपाने उचलायची विहीर) खोल घ्यावी लागेल, जादा खर्च सोबतच्या तक्त्याप्रमाणे. त्या पत्राची गोष्ट पुढे येईलच. त्या निविदेवर तपासणाऱ्यांमध्ये माझीही सही होती.

हा लेख छोट्या आणि मध्यम शहरांच्या पाणीपुरवठा व मलनिस्सारण अभियंत्यांसाठी आहे. डिझाइन-बिल्डमध्ये मालकाचं काम कमी होत नाही. ते निविदेच्या अलीकडे सरकतं. बाबनिहाय निविदेत चुकलं तर मध्येच दुरुस्त करता येतं, दर ठरलेले असतात, प्रमाण वाढवता-कमी करता येतं. इथे रक्कम ठोक असते. जे आधी लिहिलं नाही ते नंतर मागितलं, की त्याची किंमत ठेकेदार सांगतो.

आधी हे ठरवा: कशाला डिझाइन-बिल्ड, कशाला नको

आपल्याकडे बी-१ म्हणजे टक्केवारी दर, बी-२ म्हणजे बाबनिहाय दर आणि सी म्हणजे ठोक रक्कम, हे नमुने सगळ्यांच्या हाताखालचे आहेत. डिझाइन-बिल्ड हे सी नमुन्याचं मोठं भावंड म्हणा. नकाशे, संकल्पन, यंत्रं, बांधकाम, चाचणी, आणि बहुतेक वेळा पुढची काही वर्षं चालवणं, हे सगळं एकाच ठेकेदाराच्या गळ्यात. मुंबईची वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप ही सात नवी मलजल केंद्रं, एकूण दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची, याच जातीच्या कंत्राटावर उभी राहत आहेत. आंतरराष्ट्रीय कामांत फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचं पिवळं पुस्तक डिझाइन-बिल्डसाठी आणि सोनेरी पुस्तक चालवण्यासकट कंत्राटासाठी वापरतात. कर्ज परदेशी असेल तर ती नावं कानावर येतातच.

माझं मत स्पष्ट आहे. मलजल केंद्र, जलशुद्धीकरण केंद्र, पंपिंग स्टेशन यांना डिझाइन-बिल्ड द्या. भुयारी गटारांच्या जाळ्याला देऊ नका. गल्लीबोळात खाली काय सापडेल हे कोणालाच माहीत नसतं: जुनी पाण्याची लाइन, टेलिफोनची केबल, कुणाचा तरी संडासाचा शोषखड्डा. तिथे ठोक रक्कम मागितली, की ठेकेदार एक तर भीतीपोटी वाढीव दर भरतो, नाहीतर कमी भरून नंतर खोली चोरतो. दोन्हींत शहराचं नुकसान. जाळं बी-२ वर आणि केंद्र डिझाइन-बिल्डवर, अशी विभागणी सोयीची पडते. मात्र दोन ठेकेदार जिथे भेटतात तो एक चेंबर मग तुमच्या जबाबदारीवर येतो. माझी चूक नेमकी त्या चेंबरची होती.

पहिली पायरी: मैलापाणी मोजा, गुणाकार करून थांबू नका

प्रकल्प अहवालात गणित सरळ असतं. समजा, संकल्पन वर्षाची लोकसंख्या ८०,०००. माणशी १३५ लिटर पाणी, त्यातलं ८० टक्के मैलापाणी होतं असं धरायचं, म्हणजे दिवसाला ८.६४ दशलक्ष लिटर. या लोकसंख्येला सीपीएचईईओ या केंद्र सरकारच्या संस्थेच्या पुस्तिकेप्रमाणे कमाल प्रवाहाचा गुणक २.२५. सरासरी तासाला ३६० घनमीटर, कमाल ८१०. कागदावर सगळं चोख.

आता नाल्यावर जा. शहरात दिवसाआड पाणी येत असेल, तर १३५ लिटर कुठून येणार? निम्म्या घरांना सेप्टिक टँक असेल आणि त्यातलं वरचं पाणीच नाल्यात येत असेल, तर मैल्याचा दाट भाग टाकीतच राहिला. अहवालात बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला २५० ते ३०० मिलिग्रॅम धरलेला असतो. नाल्यात तो १००-१५० च्या आसपास सापडला तर नवल मानू नका. केंद्रातले जिवाणू याच अन्नावर जगतात. अन्नच नाही तर ते उपाशी राहतात, गाळ बसत नाही, आणि टाकीत हवा फुंकणारा ब्लोअर मात्र पूर्ण क्षमतेची वीज खातो.

मोजायचं कसं? ज्या नाल्याचं पाणी केंद्राला येणार, त्यात सुतारकामाच्या फळीचा ९० अंशांचा व्ही-नॉच, म्हणजे इंग्रजी व्ही आकाराची खाच, बसवा, कडेला वाळूच्या गोण्या. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, खाचेच्या थोडं मागे, जिथे पाणी संथ आहे तिथे. ही उंची २५ सेंटीमीटर भरली तर सेकंदाला साधारण ४३ लिटर, म्हणजे दिवसाला ३.७ दशलक्ष लिटर. चोवीस तास, दर तासाला. सकाळी सात ते नऊ पाणी चढतं, दुपारी उतरतं, रात्री दोनला जे वाहतं त्यातलं बरंचसं गळक्या नळांचं आणि जमिनीत मुरून आलेलं स्वच्छ पाणी असतं. रात्रीचा हा आकडा टाळू नका, तो फार बोलका असतो.

एक दिवस मोजून भागत नाही. एक साधा दिवस, एक आठवडी बाजाराचा दिवस, एक पावसाळ्यातला. शहरात यंत्रमागाचे सायझिंग-डाइंग कारखाने असतील, दूध प्रकल्प असेल, कत्तलखाना असेल, तर त्यांच्या तोंडाशी वेगळे नमुने घ्या. नमुने तासागणिक घेऊन प्रवाहाच्या प्रमाणात मिसळायचे, बर्फात ठेवायचे आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत त्याच दिवशी पोचवायचे. प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून दुसऱ्या दिवशी एसटीने पाठवलेल्या नमुन्याचा बीओडी काय येईल, ते सांगायला नको.

निविदेत एकच आकडा टाकू नका, पट्टा द्या: सुरुवातीला प्रवाह क्षमतेच्या ३० टक्के, पाच वर्षांनी ६०, शेवटी १००. येणारा बीओडी १०० ते ३००. केंद्र या साऱ्या पट्ट्यात चाललं पाहिजे, हे पहिल्याच पानावर लिहा. घरजोडण्या उशिरा होतात, त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं केंद्र अर्धपोटीच चालणार हे धरून चला.

दुसरी पायरी: जागा

जागेचा सातबारा नगरपरिषदेच्या नावावर होईपर्यंत निविदा काढू नका. पुण्याच्या मुळा-मुठा प्रदूषण नियंत्रण प्रकल्पात ११ केंद्रं आणि ३९६ दशलक्ष लिटर क्षमता ठरली. जपानच्या जायका या मदतसंस्थेशी कर्जकरार जानेवारी २०१६ मध्ये झाला, पण कंत्राट मार्गी लागायला २०२२ उजाडलं. जागांचे तिढे हे त्या उशिरामागचं एक कारण होतं. एवढ्या मोठ्या महापालिकेचं हे झालं, तर तुमच्या दोन शेतकऱ्यांच्या बांधाच्या वादाला कमी लेखू नका.

मलजल केंद्र गावाच्या सखल टोकाला, नाल्याकाठीच येतं, कारण पाणी तिकडेच उतरतं. त्यामुळे जलसंपदा विभागाकडून निळी आणि लाल पूररेषा काढून घ्या. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. विजेचं पॅनेल आणि ब्लोअर लाल रेषेच्या वर, ही अट आकड्यानिशी, समुद्रसपाटीपासूनच्या मीटरमध्ये लिहा. ‘पूरपातळीच्या वर’ एवढंच लिहिलं, की प्रत्येकजण आपल्या सोयीचा पूर निवडतो.

जमीन तपासायचे बोअर तुम्ही स्वतः घ्या, निविदेआधी. प्रत्येक मोठ्या टाकीखाली किमान एक, खडकापर्यंत. भूजलाची पातळी मे महिन्यात नको, ऑगस्टमध्ये मोजा. काळ्या मातीच्या पट्ट्यात मेमध्ये विहीर कोरडी असते आणि ऑगस्टमध्ये पाणी जमिनीच्या एक मीटर खाली येऊन बसतं. पाच मीटर खोल टाकी त्या दिवशी दुरुस्तीला रिकामी केली, तर खालून चार मीटर पाण्याचा रेटा, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरला चार टन. नुसत्या तळाच्या काँक्रीटच्या वजनाने तो पेलायचा तर तळ १.६ मीटर जाडीचा लागेल. तेवढा कोणी घालत नाही. भिंतींचं वजन, तळाची बाहेर काढलेली कड, कधी खालच्या पाण्याचा दाब सोडणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, यांच्यावर ते पेलतात. ते ठेकेदाराने ठरवावं, पण पाणी ऑगस्टमध्ये कुठे असतं हा आकडा तुमचाच हवा.

तिसरी पायरी: सीमारेषा

आता ते पत्र. मुख्य वाहिनी दुसऱ्या ठेकेदाराकडे होती. आमच्या निविदेत शेवटच्या मॅनहोलच्या तळाची पातळी ५४१.३० मीटर छापली होती, प्रकल्प अहवालातून जशीच्या तशी उचललेली. मधल्या काळात वाहिनीच्या वाटेत जुन्या मोरीचा पाया आला म्हणून त्या ठेकेदाराने लाइन खालून नेली होती. प्रत्यक्ष तळ भरला ५४०.७०. साठ सेंटीमीटर. तेवढ्यासाठी केंद्राची ओली विहीर कठीण खडकात खोल न्यावी लागली. शेजारी वस्ती होती म्हणून सुरुंग लावता येईना, ब्रेकरने फोडत फोडत दोन महिने गेले. ठेकेदाराचं म्हणणं रास्त होतं, आणि पैसे द्यावे लागले. निविदा छापण्याआधी डंपी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, घेऊन त्या मॅनहोलवर अर्धा तास उभं राहिले असते तर हे टळलं असतं.

म्हणून सीमारेषांचा एक तक्ता करा आणि प्रत्येक जोडाची पातळी जागेवर मोजून लिहा. पाणी कुठल्या क्रमांकाच्या मॅनहोलमधून, किती व्यासाच्या नळाने, कोणत्या पातळीवर आत येतं. शुद्ध केलेलं पाणी कुठे सोडायचं आणि तिथे पुराची पातळी काय. वीज: महावितरणचा फीडर कुठून येणार, उच्चदाब जोडणीची अनामत कोण भरणार, रोहित्र कोणाचं. रस्ता: दहा टनी टँकर वळेल असा, कोण करणार. गाळ: सुकवलेला गाळ केंद्राच्या फाटकाबाहेर कोण नेणार आणि कुठे. बांधकामाचं आणि टाक्यांच्या चाचणीचं पाणी कोणाचं. या शेवटच्या प्रश्नाकडे कोणी बघत नाही. मग दहा लाख लिटरची टाकी भरायची वेळ येते ती एप्रिलमध्ये, गावात टँकर चालू असताना.

चौथी पायरी: मालकाच्या गरजा लिहिणं

जुनी निविदा पेनड्राइव्हवर गावोगाव फिरत असते. एकदा एका मसुद्यात ८७ व्या पानावर भलत्याच जिल्ह्यातल्या नदीचं नाव सापडलं. नाव बदलणं सोपं, पण त्या नदीच्या पाण्याला बेतलेली टाकीची मापंही तिथेच राहून गेली होती.

काय हवं ते लिहा, कसं करायचं ते लिहू नका. टाकीची लांबी-रुंदी, ब्लोअरची अश्वशक्ती तुम्ही लिहून दिलीत आणि केंद्र चाललं नाही, तर ठेकेदार निविदेकडे बोट दाखवतो. शुद्धीकरणाची पद्धत एसबीआर की एमबीबीआर की आणखी काही, यातही दोन-तीन सिद्ध पर्याय खुले ठेवा. बाहेर पडणाऱ्या पाण्याची प्रत मात्र आकड्यात बांधा. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०१७ च्या अधिसूचनेत बीओडीची मर्यादा महानगरांना २० आणि इतरत्र ३० होती. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात १० सांगितली. मुंबईची केंद्रं वर्षानुवर्षं रखडण्यामागे ही बदलती मानकंही होती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या स्थापना संमतीत जो आकडा आहे त्याहून सैल मागू नका, आणि माझं ऐकाल तर बीओडी १० च मागा. नंतर टाकी वाढवण्यापेक्षा आत्ता मागणं स्वस्त पडतं.

काही गोष्टींत मात्र तपशील हवाच, कारण तिथे ठेकेदाराचा पैसा वाचतो आणि तुमचं केंद्र मरतं. प्रत्येक पंपाला राखीव पंप. मैलापाण्याच्या संपर्कात येणाऱ्या भागांना लोखंडाऐवजी स्टेनलेस स्टील, आणि कुठली प्रत ते. पाणी धरणाऱ्या काँक्रीटची किमान प्रत. आत उतरायला जिन्याची सोय, कारण माणूस लोंबत उतरता कामा नये. केंद्रात प्रयोगशाळा आणि संडास. संडासाचं हसू येईल, पण मैलापाण्याच्या केंद्रात कामगारांना संडास नाही असं केंद्र मी पाहिलंय.

पाचवी पायरी: कोण स्वस्त, हे नीट मोजा

दोन लिफाफे, तांत्रिक आणि आर्थिक, हे नेहमीचंच. पात्रतेत केंद्रीय दक्षता आयोगाचा ठोकताळा वापरतात: अंदाजपत्रकाच्या ८० टक्क्यांचं एक, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ४० टक्क्यांची तीन सारखी कामं. पण प्रमाणपत्रं भाड्यानेही मिळतात. त्यामुळे ठेकेदाराने बांधलेलं, आज चालू असलेलं केंद्र मागा, गेल्या वर्षाचे मंडळाचे अहवाल मागा, आणि न सांगता जाऊन बघा. ब्लोअर चालू आहेत का, बाहेरचं पाणी बाटलीत धरून उजेडात कसं दिसतं.

आर्थिक लिफाफ्यात नुसती बांधकामाची रक्कम बघितली तर फसाल. एक काल्पनिक उदाहरण घ्या. पहिल्या ठेकेदाराची रक्कम १८ कोटी, दहा लाख लिटर शुद्ध करायला २४० युनिट विजेची हमी. दुसऱ्याची १९ कोटी, हमी १६० युनिटची. दिवसाला ८ दशलक्ष लिटर धरलं तर वर्षाला फरक २,३३,६०० युनिटचा. आठ रुपये दराने १८ लाख ६९ हजार. पंधरा वर्षांचा हा फरक आठ टक्के सवलत दराने आजच्या किमतीत आणला तर सुमारे १ कोटी ६० लाख. म्हणजे दुसराच ६० लाखांनी स्वस्त. हे गणित, सवलत दरासकट, निविदेतच छापायचं. नंतर काढलं तर कोर्टात जाल.

हमी तीन भारांवर घ्या: ३०, ६० आणि १०० टक्के. पूर्ण भारावर सगळीच यंत्रं गुणी दिसतात. हमी चुकली तर उरलेल्या वर्षांच्या जादा विजेची आजची किंमत ठेकेदाराच्या अनामतीतून वळती, हेही लिहा.

आणखी एक खेळी ओळखून ठेवा. बांधकामाचा दर फुगवायचा आणि चालवण्याचा वर्षाला नाममात्र भरायचा. पैसे घेऊन झाले, की दोन वर्षांनी ठेकेदार फोन उचलत नाही. यावर उपाय म्हणजे चालवण्याच्या रकमेचा किमान हिस्सा ठरवून देणं, आणि कामगिरीची बँक हमी शेवटच्या वर्षापर्यंत जिवंत ठेवणं.

उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात नमामि गंगेच्या काही केंद्रांना वेगळा मार्ग वापरला आहे: बांधताना ४० टक्के, उरलेले ६० टक्के पंधरा वर्षांत हप्त्याने, केंद्र चालेल तसे. लहान नगरपरिषदेला पंधरा वर्षांच्या हप्त्यांची खात्री देणं अवघड जातं, पण ‘चालेल तसे पैसे’ ही कल्पना आपल्या देयक-तक्त्यात आणता येते.

निविदापूर्व बैठकीत प्रश्न लेखीच घ्या आणि उत्तर सगळ्यांना एकाच शुद्धिपत्रकातून द्या. एवढं पुरे.

सहावी पायरी: संकल्पन तपासणी

काम दिल्यावर पहिले तीन महिने कागदाचे. इथे नगरपरिषद घाई करते, कारण नगराध्यक्षांना भूमिपूजन हवं असतं. भूमिपूजन करू द्या, पण तपासलेल्या नकाशाशिवाय खोदाई नको.

क्रमाने मागा: आधी प्रक्रियेचं गणित, मग जलप्रवाहाचा छेद, मग मांडणीचा नकाशा, मग संरचना. जलप्रवाहाच्या छेदावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. एका लांब कागदावर आत येणाऱ्या मॅनहोलपासून नाल्यापर्यंत प्रत्येक टाकीतली पाण्याची पातळी. तासाला ८१० घनमीटर येत असताना आणि बाहेर नाल्याला पूर असताना पाणी कुठे तुंबतं ते पेन्सिलीने बघायचं. क्लोरीन टाकीतून पाणी मागे फिरतं का? पंप बंद पडला तर कुठून ओसंडतं? हा एक कागद समजला, की निम्मे दोष जागेवर जाण्याआधीच सापडतात.

संरचनेचं संकल्पन शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा तत्सम संस्थेकडून तपासून घेण्याची पद्धत चांगली आहे. पण शुल्क कोण देणार आणि किती दिवसांत तपासणार, हे कंत्राटात हवं. तुमच्या शेऱ्यांना १५ किंवा २१ दिवसांची मुदत घाला आणि ती पाळा. तुमच्या टेबलावर नकाशा महिनाभर पडला, तर तो महिना ठेकेदार मुदतवाढीत मागतो.

सही करताना ‘मंजूर’ हा शब्द जपून वापरा. ‘निविदेशी सुसंगत आढळले, संकल्पनाची जबाबदारी ठेकेदाराची’ असा शिक्का करून घ्या. आणि शेऱ्यांत ‘ही टाकी एक मीटरने वाढवा’ असं लिहू नका. ‘कमाल प्रवाहातही पाणी टाकीत पुरेसा वेळ थांबत असल्याचं गणिताने दाखवा’ असं लिहा. पहिल्या वाक्याने टाकी तुमची होते.

सातवी पायरी: देयकं

ठोक रकमेच्या कामात मोजमाप पुस्तिकेची सवय सुटत नाही आणि लेखापरीक्षक ती मागतातच. टप्पा पूर्ण झाल्याचा तपासणी-तक्ता करा आणि पुस्तिकेत त्याचाच संदर्भ नोंदवा. टप्पे मी साधारण असे पाडते: संकल्पन ३ टक्के, स्थापत्य काम ४५, यंत्रसामग्री जागेवर आल्यावर २०, बसवल्यावर १२, पाण्याने चाचणी ५, केंद्र चालू होऊन तीन महिने झाल्यावर ५ आणि कामगिरी चाचणी पार पडल्यावर १०. यंत्रं येताच ४० टक्के दिले, तर ती ताडपत्रीखाली दोन पावसाळे पडून राहतात. हमीची मुदतही तिथेच सरते.

आठवी पायरी: चाचण्या

टाकीभोवती माती भरण्याआधी ती पाण्याने तपासा. भारतीय मानक ३३७० प्रमाणे भरून सात दिवस भिजू द्यायची, मग पुढचे सात दिवस पातळी मोजायची. एकूण उतार ठरलेल्या मर्यादेच्या आत हवा, आणि उघड्या बाहेरच्या बाजूंवर ओल नको. शेजारी पाण्याने भरलेली एक बादली ठेवा. तिच्यातलं जेवढं उन्हाने उडालं तेवढं वजा करा, नाहीतर एप्रिलमध्ये भांडण ठरलेलं.

मग जिवाणू. चालू केंद्रातला जिवंत गाळ टँकरने आणून टाकला, की सुरुवात लवकर होते. रोज एक साधी तपासणी: एक लिटरच्या मोजपात्रात टाकीतलं ढवळलेलं पाणी भरायचं आणि अर्धा तास हलवायचं नाही. पहिल्या आठवड्यात तळाला तपकिरी थर इतका पातळ असतो की बोटाने दाखवावा लागतो, वरचं पाणी गढूळ. हळूहळू थर चढतो, २५०-३५० मिलिलिटरला येतो, आणि वर पाणी असं निवळतं की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येतं. रंग काळा पडला, वास सडका आला, तर हवा कमी पडते आहे. प्रयोगशाळेचा अहवाल पाच दिवसांनी येतो, हे पात्र अर्ध्या तासात सांगतं.

कामगिरी चाचणी सलग ३० दिवसांची घ्या, चोवीस तासांचे मिश्र नमुने, बाटलीवर दोघांच्या सह्या आणि सील. प्रवाह पुरेसा नसेल तर ‘पूर्ण भारावरची चाचणी प्रवाह वाढल्यावर पुन्हा’ ही अट आधीच असावी. नाहीतर ३० टक्के पाण्यावर ठेकेदार पास होऊन मोकळा.

नववी पायरी: चालवण्याची वर्षं

विजेचं बिल नगरपरिषदेने भरावं, हमीपर्यंतच्या युनिटचं. त्यावरचं ठेकेदाराच्या देयकातून कापावं. बिल पूर्णपणे ठेकेदारावर टाकलं, की रात्री ब्लोअर बंद राहतो. कधीतरी रात्री दोनला केंद्राबाहेर गाडी थांबवून ऐका. ब्लोअरचा आवाज दूरवर येतो. तो येत नसेल, तर दुसऱ्या दिवशी विजेच्या मीटरचे तासागणिक आकडे मागा.

मासिक देयकाचा काही भाग स्थिर आणि काही शुद्ध केलेल्या पाण्यावर ठेवा, प्रत बिघडल्यास कपात. पण कपातीला वरची मर्यादा घाला. महिन्याचं सगळं देयकच कापलं गेलं, की ठेकेदाराला काम सोडणं परवडतं. केंद्र सरकारच्या २०१६ च्या वीजदर धोरणानुसार मलजल केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक वीज केंद्रांनी शुद्ध केलेलं मैलापाणी वापरायचं आहे. जवळ असं काही असेल, निदान एखादी औद्योगिक वसाहत असेल, तर पाण्याच्या विक्रीतला वाटा कोणाचा, हेही करारात आधीच लिहून ठेवा.

मुदत संपायच्या बारा महिने आधी हस्तांतराची संयुक्त तपासणी सुरू करा. प्रत्येक पंपाचे तास, बेअरिंग बदलल्याच्या तारखा, सुट्या भागांची यादी, टाक्या एकेक करून रिकाम्या करून आतून. हे रिकामं करणं भूजल खाली असताना, म्हणजे मार्च ते मे. तुमची दोन माणसं शेवटचं वर्षभर ठेकेदाराच्या माणसांबरोबर पाळीत बसवा. आणि पीएलसीचा, म्हणजे यंत्रं आपोआप चालवणाऱ्या संगणकाचा, पासवर्ड आणि मूळ प्रोग्रामची प्रत बंद लिफाफ्यात घेऊन ठेवा, ठेकेदारासमोर एकदा लॅपटॉपवर उघडून बघितल्यानंतरच. एका केंद्रात लिफाफा निघाला, त्यात सीडीही निघाली. ती कोरी होती.